हुकमाचा ताबेदार देवदूत

१९६५ सालच्या सप्टेंबरच्या १७ तारखेस, शुक्रवारी रात्री साडेनऊ वाजता, अमेरिकेतील सी.बी.एस. या प्रक्षेपणसंस्थेने ‘द स्मदर्स ब्रदर्स शो’ या नावाची जी अर्ध्या तासाची विनोदी मालिका सुरू केली, तिच्या दोन नायकांपैकी एक कथानकाच्या आरंभापूर्वीच मृत झालेला होता. टॉम हा थोरला भाऊ दोन वर्षांमागे समुद्रात नाहीसा झाला होता. डिक हा धाकटा, एका प्रकाशनसंस्थेत बऱ्यापैकी हुद्द्याची नोकरी धरून, एकट्या जिवाचे सुखवस्तू बिऱ्हाड थाटून बसला होता. आणि एके दिवशी तो बुडालेला भाऊ त्याच्या दिवाणखान्यात येऊन हजर झाला, तो उमेदवार देवदूताच्या पदावर, म्हणजे पृथ्वीवर अडल्यानडल्यांची कामे करावीत आणि त्या पुण्याईवर स्वर्गातील कायम नेमणूक पदरात पाडून घ्यावी, असा हुकूम घेऊन. या उमेदवारावर वरून देखरेख ठेवणारा राल्फ नावाचा एक अधिकारी होता, त्याचे हुकूम खाली येत, पण तो स्वतः प्रेक्षकांच्या दृष्टीस कधी पडत नसे. ३२ भाग झाले आणि १९६६ च्या एप्रिलात हा सारा कारभार आटोपला.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा जी मालिका त्या वेळी अमेरिकेत असलेल्या मूठभर विद्यार्थ्यांखेरीज कोणा मराठी माणसाच्या दृष्टीस पडली असण्याचा संभव नाही, आणि जी तिच्या देशातही फारशी कोणाच्या स्मरणात उरलेली नाही, तिच्यावर येथे शाई खर्च करणे कोणास आडवाटेचे वाटेल. परंतु इतिहासात असे पुष्कळदा घडते की, एखाद्या मोठ्या प्रकरणाचा उगम त्याच्या पूर्वीच्या एखाद्या फसलेल्या व्यवहारात असतो. अमेरिकन दूरचित्रवाणीवर १९६७ ते १९६९ या काळात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा जो कज्जा झाला आणि शेवटी अक्षरशः न्यायालयात गेला, त्यातील फिर्यादी पक्षाचे हे पूर्वचरित्र आहे.

प्रत्येक जीवाच्या मागे त्याचा स्वतंत्र पाठीराखा देवदूत असतो, ही ख्रिस्ती समाजातील जुनी श्रद्धा. रोमन कॅथलिक पंचांगात २ ऑक्टोबर हा दिवस या देवदूतांच्या नावे राखून ठेवलेला आहे. आपल्याकडे कुळाला कुलदैवत आणि गावाला ग्रामदैवत असते, पण माणशी एक रक्षक नेमून देण्याइतकी तपशीलवार व्यवस्था आपल्या परंपरेने केलेली दिसत नाही. उलट मृत्यूनंतरच्या हिशेबाचे दफ्तर आपण चित्रगुप्ताकडे सोपविले, आणि त्या दफ्तरातील नोंदीच्या घोटाळ्याने भलताच प्राणी यमलोकी नेला गेल्याच्या गोष्टी आपल्या आजीबाईंनी रंगवून सांगितल्या. अमेरिकन चित्रपटाने हेच केले, फक्त दफ्तर स्वर्गात नेले. १९४१ च्या ‘हिअर कम्स मिस्टर जॉर्डन’ या चित्रपटात एका नवख्या दूताच्या उतावळेपणामुळे मुष्टियोद्ध्याचा आत्मा मुदतीपूर्वीच उचलला जातो. १९४६ साली फ्रँक काप्राने काढलेल्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ मध्ये क्लॅरेन्स हा दुय्यम दर्जाचा, अद्याप पंख न लाभलेला देवदूत एका हताश गृहस्थाला आत्महत्येपासून परावृत्त करून आपली बढती मिळवतो. या दुसऱ्या चित्रपटाला प्रथम प्रदर्शनात म्हणण्यासारखे यश लाभले नव्हते, त्याचे नाव घरोघरी झाले ते १९७४ साली त्याच्या स्वामित्वहक्काची मुदत नूतनीकरणाअभावी संपून दूरचित्रवाणी केंद्रे तो दर नाताळात दाखवू लागली त्यानंतर. पण स्वर्ग म्हणजे एक कचेरी, देवदूत म्हणजे तेथला कनिष्ठ कारकून आणि सत्कृत्य म्हणजे बढतीची अट, हा साचा तेव्हापासून करमणुकीच्या धंद्यात रूढ झाला. स्मदर्स मालिकेचा मसुदा याच साच्यातून निघाला.

तो निघाला तो काळ अशा साच्यांना विलक्षण अनुकूल होता. १९६१ सालच्या मे महिन्याच्या ९ तारखेस, केनेडींनी नव्याने नेमलेले दळणवळण आयोगाचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी प्रक्षेपकांच्या वार्षिक मेळाव्यात उभे राहून, दूरचित्रवाणी म्हणजे एक अफाट ओसाड प्रदेश आहे, असे त्या धंद्याच्या धुरीणांना तोंडावर सुनावले होते. त्या भाषणाने पुष्कळ खळबळ उडाली. परंतु ज्या सी.बी.एस. संस्थेचे अध्यक्षपद जेम्स ऑब्री यांच्याकडे होते, तिने त्या ओसाड प्रदेशातच सोन्याची खाण सापडली असल्याचे पुढच्याच वर्षी ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ काढून सिद्ध केले. गावंढळ कुटुंब, बोलका घोडा, छपरावर उतरलेला मंगळवासी, राक्षसी चेहऱ्यांचे पण प्रेमळ स्वभावाचे शेजारी, नाक हलवून घरकाम उरकणारी चेटकीण अशी पात्रे एकामागून एक घराघरांत शिरली. १९६५ च्या शरदातच ‘माय मदर द कार’ ही मालिका आली, तिच्यात नायकाची मृत आई पुनर्जन्म घेऊन जुनी मोटारगाडी झालेली होती. आणि स्मदर्स बंधूंच्या दुसऱ्याच दिवशी ‘आय ड्रीम ऑफ जीनी’ ही बाटलीतील परी अवतरली, जी पुढे तीस वर्षांनी हिंदी बोलू लागून आपल्याही बैठकीच्या खोल्यांत येऊन गेली. ऑब्री यांना त्या वर्षाच्या फेब्रुवारीअखेर अकस्मात बडतर्फ करण्यात आले होते, पण त्यांनी पाडलेली वहिवाट त्यांच्यामागे बिनबोभाट चालू होती. व्हिएतनाममध्ये त्या वर्षी अमेरिकन पायदळ उतरले होते, ऑगस्टात लॉस एंजलिसच्या वॉट्स भागात दंगल पेटली होती, आणि शुक्रवारी संध्याकाळी सी.बी.एस. लावून बसणाऱ्या कुटुंबाला जर्मनांच्या युद्धबंदी छावणीतील गमती, मग नौसैनिक दलातील एका भोळसट जवानाच्या गमती आणि त्यापाठोपाठ देवदूताच्या गमती, असा अखंड फराळ मिळत होता.

मालिकेतील भूमिका स्वतःच्याच नावांनी करणाऱ्या या स्मदर्स बंधूंच्या घरी युद्धबंदी हा गमतीचा विषय नव्हता. त्यांचे वडील, मेजर थॉमस स्मदर्स, हे वेस्ट पॉइंटचे पदवीधर लष्करी अधिकारी, फिलिपाइन्समध्ये जपान्यांच्या हाती सापडले आणि १९४५ साली, युद्ध संपण्यास थोडाच अवधी उरला असता, कैद्यांना एका ठिकाणाहून दुसरीकडे हलविले जात असताना, कैदेतच मृत्यू पावले. त्या वेळी १९३७ साली जन्मलेला टॉम आठ वर्षांचा होता आणि डिक त्याहून लहान. आईने कॅलिफोर्नियात मुलांना वाढविले. दूरदेशी जाऊन नाहीसा झालेला आप्त एके दिवशी दारात उभा राहतो, ही कल्पना अशा मुलांच्या मनात किती वेळा येऊन गेली असेल, याचा तर्क कोणीही करावा. दूरचित्रवाणीच्या कारखान्याने मात्र तीच कल्पना त्यांच्या हाती विनोदाचे साहित्य म्हणून दिली. हा योगायोगच असावा, त्यात कोणाचा दुष्ट हेतू पाहण्याचे कारण नाही. पण लेखणी सरावाने चालू लागली म्हणजे ती काय लिहीत आहे याकडे लिहिणाराचेही लक्ष राहत नाही, याचे हे उदाहरण म्हणून नमूद करून ठेवतो.

सॅन होझे येथील महाविद्यालयात शिकत असता दोघांना लोकगीतगायनाचा नाद लागला. तो काळ त्या गाण्यांच्या पुनरुज्जीवनाचा होता. किंग्स्टन ट्रायो या मंडळींच्या ध्वनिमुद्रिका १९५८ पासून हातोहात खपत होत्या, आणि चौकड्यांचे सदरे घालून, गिटार घेऊन, खाणकामगारांची व फासावर गेलेल्या गुन्हेगारांची गाणी अत्यंत गंभीर मुद्रेने गाणारे विद्यार्थी गावोगाव निपजले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीच भागातील ‘पर्पल अनियन’ या तळघरातील रंगशाळेत १९५९ साली या भावांनी प्रवेश केला, तो याच गांभीर्याची टोपी उडविण्यासाठी. टॉमच्या हाती गिटार, डिकच्या हाती माणसाहून उंच असे उभे बास वाद्य. गाण्याची प्रस्तावना करण्यास टॉम पुढे होई. त्या गाण्याचा इतिहास सांगता सांगता तो भलत्याच मुलखात शिरे, एखादे नाव चुके, चूक झाकण्यासाठी दुसरी थाप मारी, अडखळे, डोळे मिचकावी. डिक शांतपणे, शाळामास्तरच्या संयमाने, त्याला खोदून विचारी. आणि सर्व वाटा खुंटल्या म्हणजे टॉम एकदम लहान मूल होऊन, आईचा जीव तुझ्यावरच जास्त होता, हे जन्मभराचे गाऱ्हाणे डिकच्या तोंडावर फेकी. प्रेक्षागृह कोसळे. यात लिहून आणलेले थोडे आणि जागच्या जागी सुचलेले पुष्कळ असे. टॉम किती वेळ थांबेल, हे समोरच्या श्रोत्यांच्या हसण्यावर ठरे, आणि डिकचा पुढचा प्रश्न टॉमच्या थांबण्यावर. म्हणजे विनोद दोघांपैकी एकाच्याही ठायी नसून त्यांच्या मधल्या अंतरात होता. मर्क्युरी या कंपनीने त्यांच्या रंगमंचावरील प्रयोगांच्या ध्वनिमुद्रिका एकापाठोपाठ एक बाजारात आणल्या, १९६१ च्या जानेवारीत जॅक पार यांच्या रात्रीच्या कार्यक्रमाने त्यांना देशभर नेले, आणि चार वर्षांत हे दोघे महाविद्यालयांतून सर्वांत अधिक मागणी असलेल्या मंडळींपैकी झाले.

अशा दोन माणसांना हाती धरून ‘फोर स्टार’ या निर्मितिसंस्थेने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. ही संस्था मूळची नटांनी काढलेली; डिक पॉवेल, डेव्हिड निव्हन, शार्ल बोये हे तिचे आद्य भागीदार. पॉवेल १९६३ च्या जानेवारीत वारल्यापासून तिचा पूर्वीचा दबदबा राहिला नव्हता, पण तिच्या पदरी एरन स्पेलिंग हा तरुण निर्माता होता, जो पुढे ‘चार्लीज एंजल्स’ सारख्या, नावाने देवदूती पण व्यवहाराने पूर्ण ऐहिक अशा मालिकांनी कुबेर झाला. देवदूताच्या या मालिकेच्या जन्मदात्यांतही त्याची गणना होते. रचना अशी ठरली की, टॉमने दर आठवड्यास कोणातरी नव्या संकटग्रस्ताच्या मदतीस धावावे, तेथे घोटाळा करावा, आणि डिकने, आपले मालक लिओनार्ड कॉस्टेलो यांची मर्जी व त्यांच्या कन्येचे प्रेम ही दोन्ही सांभाळीत, तो घोटाळा निस्तरावा. मालकाच्या भूमिकेत रोलंड विंटर्स, जे एके काळी चित्रपटांत चार्ली चॅन हा चिनी गुप्त पोलीस वठवीत. मालकीणबाईंच्या भूमिकेत हॅरिएट मॅकगिबन, ज्या त्याच वेळी बेव्हर्ली हिलबिलीजमधील बँकरच्या नाकउडव्या पत्नीच्या रूपाने साऱ्या देशाला परिचित होत्या. नटसंच भक्कम होता. परंतु कथानकाच्या या मांडणीने टॉमला परक्यांच्या घरी धाडले आणि डिकला स्वतःच्या कचेरीत खिळवून ठेवले, आणि ज्या अंतरात विनोद राहत होता ते अंतर शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाढविले. गाणी जवळजवळ गेलीच, आणि वाद्ये शोभेपुरती उरली. एका माणसाचे अडखळणे ऐकण्यास दुसरा माणूस समोर लागतो, ही साधी गोष्ट मंजुरीच्या कोणत्याही पायरीवर कोणाच्या ध्यानात आली नाही, असे म्हणावे लागते.

दुसरा आघात यंत्राचा होता. ही मालिका एका कॅमेऱ्याने, चित्रपटाच्या पद्धतीने, तुकड्यातुकड्यांनी, प्रेक्षकांविना चित्रित होई, आणि तिच्यावर हास्य मागाहून चढविले जाई. त्या काळच्या बहुतेक चित्रित विनोदी मालिकांना हे हास्य चार्ल्स डग्लस या तंत्रज्ञाच्या पेटीतून पुरविले जात असे. पूर्वी सी.बी.एस.च्याच नोकरीत असलेला हा गृहस्थ टंकयंत्रासारख्या कळा असलेली आपली कुलूपबंद पेटी घेऊन स्टुडिओत येई. तिच्यात ध्वनिफितींच्या वेढ्यांवर खुसखुस, गडगडाट, एका बाईची किंचाळी, एका पुरुषाचे उशिरा कळलेले हसणे असे प्रकार वेगवेगळे साठविलेले असत. पडद्यावर विनोद झाला की, तो आपल्या अंदाजाने कळा दाबी आणि पायाखालच्या पट्टीने हसे मावळवी. पेटीच्या आत काय आहे, हे तो कोणास पाहू देत नसे. जो नट आपला विराम श्रोत्यांच्या श्वासावर तोलून धरीत असे, त्याला आता काही आठवड्यांनंतर एक परका मनुष्य कळ दाबील या भरवशावर रिकाम्या मंचावर थांबायचे होते. टॉमची कुचंबणा येथे झाली. संहितेत त्याचे काही चालत नव्हते. लेखक दुसरे, निर्माता दुसरा, जाहिरातदारांचा शब्द तिसरा, आणि त्या सर्वांवर न्यूयॉर्कमधील कचेरी. त्या एका वर्षाने आपल्या पोटात व्रण केला, असे तो पुढे मुलाखतींतून सांगत असे. स्वर्गातील अदृश्य राल्फच्या हुकमाने इकडून तिकडे धावणाऱ्या, स्वतःची अशी कोणतीच इच्छा नसलेल्या उमेदवाराचे सोंग त्याला घ्यावे लागले होते, आणि सोंग व त्याखालचा मनुष्य यांत फारसे अंतर उरले नव्हते.

त्याच वेळेस एन.बी.सी.वर ‘मिस्टर रॉबर्ट्स’ आणि ए.बी.सी.वर ‘पेटन प्लेस’ लागत असे, आणि त्यांपैकी ‘पेटन प्लेस’ ही आठवड्यातून तीन रात्री चालणारी, गावातील लफड्यांची कथा, प्रेक्षकांना खिळवून ठेवण्यात कोणत्याही देवदूतास भारी होती. शिवाय तो कृष्णधवल चित्रणाचा शेवटचा हंगाम होता. एन.बी.सी.ने त्या वर्षी आपले जवळजवळ सर्व सायंकालीन कार्यक्रम रंगीत केले होते, १९६६ च्या शरदापासून तिन्ही संस्था मुख्य प्रहरात पूर्ण रंगीत होणार होत्या, आणि पुनःप्रक्षेपणाच्या बाजारात काळ्यापांढऱ्या मालिकेला यापुढे भाव राहणार नव्हता. देवदूताची मालिका कृष्णधवल होती. २२ एप्रिल १९६६ रोजी, शुक्रवारीच, ती संपली.

येथे एक अवांतर विचार नोंदविण्याचा मोह आवरत नाही. अमेरिकन दूरचित्रवाणीने विनोदी देवदूत आणखीही आणले: १९७६ साली ‘गुड हेवन्स’ मध्ये कार्ल रायनर, १९७९ साली ‘आउट ऑफ द ब्लू’, १९९७ साली ‘टीन एंजल’, आणि या साऱ्या मालिका एका हंगामाच्या आतबाहेरच निवर्तल्या. गंभीर देवदूत मात्र दीर्घायुषी ठरले. ‘हायवे टू हेवन’ १९८४ ते १९८९ आणि ‘टच्ड बाय अ‍ॅन एंजल’ १९९४ ते २००३ चालली. याचे कारण मला असे दिसते की, विनोदाला गरजू माणूस लागतो. चेटकिणीला सामान्य गृहिणी व्हायचे असते आणि ते जमत नाही, बाटलीतील परीला मालकाचे प्रेम हवे असते आणि तो दाद देत नाही, म्हणून त्यांच्या जादूला अडचण आणि अडचणीला हसे उत्पन्न होते. देवदूताला गमावण्यासारखे काहीच नसते. तो मेलेला असल्यामुळे त्याला भय नाही, आणि परोपकार हेच त्याचे काम असल्यामुळे स्वार्थ नाही. अश्रूंच्या कथेत तो शोभतो, कारण तेथे रडणारे दुसरे असतात. टॉम स्मदर्सच्या मंचावरील पात्राचे सारे बळ त्याच्या मत्सरात, खोटारडेपणात आणि आईच्या प्रेमाच्या हिशेबात होते. त्याला सज्जन करताच तो निर्विष झाला.

पुढची हकीकत अधिक प्रसिद्ध आहे, म्हणून आपल्या विषयापुरतीच सांगतो. रविवारी रात्री नऊ वाजता एन.बी.सी.वर ‘बोनान्झा’ ही अश्वारूढ वीरांची मालिका लागे, तिचा त्या वेळी देशात पहिला क्रमांक होता, आणि तिच्यासमोर सी.बी.एस.ने उभा केलेला प्रत्येक कार्यक्रम आडवा होत असे. १९६६ च्या अखेरीस तेथे गॅरी मूर यांच्या कार्यक्रमाचा बळी गेला. ती जागा भरण्यास कोणी पुढे येईना, तेव्हा कार्यक्रम विभागाचे प्रमुख माइक डॅन यांनी स्मदर्स बंधूंकडे विचारणा केली. हरले तरी हरण्यासारखे काही नव्हते, एवढाच त्या विचारणेचा आधार. पण या वेळी टॉमने अट घातली. लेखक आपण निवडू, पाहुणे आपण बोलावू, आशय आपल्या हाती राहील. देवदूताच्या वर्षात ज्या ज्या गोष्टीची मुखत्यारी त्याला नव्हती, तिची तिची मागणी त्याने केली, आणि गरजवंताला अक्कल नसते या न्यायाने कचेरीने ती मान्य केली. ५ फेब्रुवारी १९६७ रोजी ‘द स्मदर्स ब्रदर्स कॉमेडी अवर’ सुरू झाला: खरे प्रेक्षक, खरे हसू, गिटार व बास पुन्हा हाती, आणि दोघे भाऊ पुन्हा एकमेकांच्या समोर. काही आठवड्यांतच तो पहिल्या वीसांत गेला, आणि पुढच्या हंगामात बोनान्झाचे अग्रस्थान सुटले. त्या बोनान्झातील धाकटा पोरगा, मायकेल लँडन, हाच पुढे ‘हायवे टू हेवन’ मधला देवदूत झाला, ही गंमत जाता जाता सांगून टाकतो.

मुखत्यारी कागदावर मिळाली, तरी तिचा अंमल करू पाहताच वरचा अदृश्य अधिकारी जागा झाला. सी.बी.एस.च्या आक्षेपार्ह मजकूर तपासणाऱ्या विभागाने १९६७ सालीच इलेन मे यांचा एक प्रवेश काढून टाकला. त्याचा विषय होता दोन चित्रपट-तपासनीस एका शब्दावरून घालीत असलेला घोळ, म्हणजे कात्रीने स्वतःवरील थट्टाच कापली. पीट सीगर या लोकगायकाला, डाव्या विचारांच्या संशयावरून, सुमारे १७ वर्षे मोठ्या प्रक्षेपणसंस्थांचे दार बंद होते. टॉमने त्याला बोलाविले, आणि व्हिएतनामच्या चिखलात सैन्य लोटणाऱ्या सेनापतीवर रोख असलेले त्याचे गीत सप्टेंबर १९६७ मध्ये ध्वनिचित्रफितीतून कापले गेले, तेव्हा टॉमने वृत्तपत्रांतून इतका गवगवा केला की, २५ फेब्रुवारी १९६८ रोजी तेच गीत तेथेच गाऊ देणे संस्थेला भाग पडले. त्या वर्षाच्या शरदात हॅरी बेलाफाँटे यांनी शिकागो येथील राजकीय पक्षाच्या अधिवेशनावेळच्या मारहाणीच्या चित्रांवर गायिलेले गीत गेले ते गेलेच. मार्च १९६९ मध्ये जोन बाएझ या गायिकेने, सक्तीच्या लष्करभरतीस नकार दिल्याबद्दल तुरुंगात निघालेल्या आपल्या पतीला एक गीत अर्पण केले. तो कशासाठी जात आहे हे सांगणारे तिचे शब्द तेवढे वगळण्यात आले. डेव्हिड स्टाइनबर्ग यांच्या विनोदी प्रवचनांनी धार्मिक मंडळी खवळली. प्रत्येक भाग प्रांतोप्रांतीच्या केंद्रांना अगोदर दाखविण्यासाठी मुदतीत पाठविला पाहिजे, असे फर्मान निघाले. तो मुदतीत आला नाही, या कारणावरून, पुढील हंगामाची मंजुरी मार्चमध्ये जाहीर झालेली असतानाही, नवे अध्यक्ष रॉबर्ट वुड यांनी एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात तारेने दोघा भावांना बडतर्फ केले. रिकाम्या झालेल्या जागेवर जूनमध्ये ‘ही हॉ’ हा ग्रामीण गंमतजंमतीचा कार्यक्रम आला.

येथे टॉमचे सर्वच बरोबर होते, असे म्हणण्याचे कारण नाही. त्याला भांडणाची चटक लागली होती, आणि शेवटच्या काही महिन्यांत कार्यक्रमातील विनोद मागे पडून कैफियत पुढे येत गेली, असे त्याच्या मित्रांनाही वाटत होते. डिक, ज्याची प्रकृती मुळातच शांत, थोरल्याच्या पाठीशी उभा राहिला तो बंधुधर्म म्हणून. परंतु करार मोडला कोणी, या मुद्द्यावर न्यायालयाला संदेह वाटला नाही. १९७३ साली निवाडा बंधूंच्या बाजूने झाला आणि सी.बी.एस.ला सुमारे पावणेआठ लक्ष डॉलर भरपाई द्यावी लागली. त्याच संस्थेने १९८८ साली दोघांना पुन्हा पाचारण केले, हेही या व्यवहाराच्या रीतीस धरूनच झाले.

त्या कार्यक्रमाच्या लेखकवर्गात मेसन विल्यम्स, रॉब रायनर, स्टीव्ह मार्टिन अशी तरुण मंडळी होती. त्या वर्गाला एमी पारितोषिक मिळाले, तेव्हा टॉमने आपल्या नावावरून वाद नको म्हणून ते यादीतून स्वतःच काढून घेतलेले होते. ते पारितोषिक त्याला २००८ साली, स्टीव्ह मार्टिनच्याच हस्ते, स्वतंत्रपणे देण्यात आले. २६ डिसेंबर २०२३ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात सांता रोझा येथे तो वारला. देवदूताच्या त्या ३२ भागांची नोंद अमेरिकन दूरचित्रवाणीच्या इतिहासात १९६७ च्या कार्यक्रमाची प्रस्तावना म्हणूनच काय ती होते, आणि तशी होण्यात त्या मालिकेवर काही अन्याय होतो असे मला वाटत नाही.